पाठीवरचा चौकोन

मास्तरांना माणसं चेहऱ्यावरून आठवत नसत, पाठीवरून आठवत. रस्त्यात कुणी हात केला तर ते गोंधळून बघत राहायचे, आणि तो माणूस चार पावलं पुढे गेला की मागून म्हणायचे, "अरे हो, हा तर डावा खांदा पडलेला." उभा जन्म शर्ट शिवण्यात गेलेल्या माणसाचं असंच होतं. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून उभं राहतं आणि शिंपी त्याच्या मागे. मास्तरांच्या मागे मात्र भिंतच असायची.

दुकान अरुंद होतं. दाराशी मशीन, मध्ये कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा आणि कडांना काळा पडत चाललेला एक आरसा. आतून लाकडी जिना वर जायचा, तिथे खोली. खोलीत मास्तर एकटे राहत. बायको गेली होती. गेली म्हणजे मुलीकडे. लोक उगाच हळहळतात म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. मुलीचं बाळंतपण आलं तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून बाई गेल्या. मग नात रांगायला लागली, मग चालायला लागली, मुलगी पुन्हा नोकरीवर जायला लागली. आता नात दप्तर घेऊन शाळेत जात होती आणि बाई तिकडेच होत्या. भांडण म्हणाल तर शपथेलाही नव्हतं. असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. हे कधी "ये" म्हणाले नाहीत आणि त्या कधी "येत नाही" म्हणाल्या नाहीत. रविवारी फोन व्हायचा. "बरं आहे ना?" "बरं आहे. तुमचं?" "बरं आहे." एवढ्या बोलण्यावर दोन घरं चालली होती.

मास्तरांचा एक मोठा दुर्गुण होता आणि तो ते गुण म्हणून मिरवायचे. कुणाकडे काही मागायचं नाही. शेजाऱ्याकडे शिडी मागायची नाही, बायकोकडे सोबत मागायची नाही, आणि घसा कोरडा पडला तरी बसमध्ये कुणाकडे पाणी मागायचं नाही. अशा माणसाला लोक स्वाभिमानी म्हणतात, आणि हळूहळू त्याच्या वाटेला जायचं सोडून देतात.

आदल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा समोरच्या घड्याळवाल्याने त्यांना अक्षरशः ओढत इस्पितळात नेलं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. एक लगेच मोकळी झाली. दुसरी जुनाट होती, पार गच्च बसलेली, तिच्यासाठी पुन्हा बोलावलं. त्या वेळी अरुंद टेबलावर पडून पडून मास्तरांचं अंग आंबून गेलं. डॉक्टर पडद्यावर बघत तार आत ढकलत होते, मागे घेत होते, पुन्हा ढकलत होते, आणि एक वाकडं यंत्र त्यांच्या अंगाखालून-अंगावरून गुरगुरत होतं. शेवटी वाट सापडली. घरी सोडताना नर्स म्हणाली, "आजोबा, बराच वेळ यंत्राखाली होतात तुम्ही. तीन-चार आठवड्यांनी घरच्यांना पाठ बघायला सांगा. लाल दिसली तर या." मास्तर "हो, हो" म्हणाले. घरचे म्हणून सही करायला घड्याळवालाच भाऊ झाला होता, आणि तोही पुढे दुकान बंद करून मुलाच्या गावी निघून गेला. रविवारच्या फोनवर बायकोला त्यांनी सांगितलं, "जरा सर्दी झाली होती."

पाठ कुणी बघितली नाही. बघणार कोण? मधे काही दिवस उजव्या खांद्याखाली आग-आग झाली, गरम इस्त्रीला टेकल्यासारखी. ती जागाही अशी की स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही. मग आग आपोआप निवली. मास्तर विसरले. काही महिन्यांनी ती परत आली, आणि या वेळी शर्टावर डाग घेऊन आली.

आता दुसरा कुणी असता तर त्याने पाठीचा विचार केला असता. मास्तरांनी शर्टाचा केला. डाग रोज एकाच जागी पडत होता, पाठीवरच्या आडव्या शिवणीच्या जरा खाली, म्हणजे शिवण घासते आहे हे उघड होतं. त्यांनी ती शिवण उसवली आणि वर सरकवली. डाग तिथेच. मग दोऱ्यावर संशय घेतला आणि नायलॉनचा टाकून सुती दोरा आणला. मग कापडाच्या रंगावर, मग साबणावर. शेवटी धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचं अस्तर आतून लावलं. एका मागून एक सगळे शर्ट त्यांनी उसवून पुन्हा शिवले, आणि प्रत्येक वेळी टेबलावर शर्ट उलटा पसरून डागाकडे रागाने बघत राहिले. कापडाचं दुखणं त्यांना कळायचं. आजारी आपण नाही, शर्ट आहे, असं ते स्वतःलाच समजावत होते, असं म्हटलं तरी चालेल.

आरशात बघायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. पण मशीनवर वाकून मान अशी आखडलेली की ती वळतच नव्हती. हातातला आरसा आणि भिंतीवरचा आरसा असं काही तरी जुळवलं तेव्हा एक काळपट धब्बा दिसला आणि हातातला आरसा पडून फुटला. तेव्हापासून त्यांनी तो नाद सोडला.

दुखणं वाढलं तेव्हा ते गल्लीच्या टोकाच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी शर्ट वर करायला लावला, एक नजर टाकली आणि म्हणाले, "नायटा आहे. मलम लावा सकाळ-संध्याकाळ. घरात कुणाला तरी सांगा लावायला." मास्तरांनी घरात टेबलावरच्या लाकडी पट्टीला सांगितलं. पट्टीच्या टोकाला चिंधी गुंडाळायची, चिंधीला मलम फासायचं, आणि आंधळ्यासारखं पाठीवर चाचपडायचं. निम्मं मलम बनियनला जायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी ॲलर्जी ठरवली. तिसऱ्यांनी तपासणीसाठी कडेचा छोटा तुकडा कापून घेतला, आणि तो काप मिटेचना. त्यातून पाणी येत राहिलं. मास्तर पालथे झोपायला शिकले. पालथं झोपलं की खोलीच्या फरशा अगदी डोळ्यांजवळ येतात, आणि किती दिवसांत झाडलं नाही ते दिसतं.

या सगळ्या दिवसांत दुकानात येणाऱ्या एकाही माणसाला काही कळलं नाही. येणाऱ्याची पाठ मास्तर बघत होते, मास्तरांची कुणी बघत नव्हतं.

तिसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे भाजलेल्या रुग्णांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मास्तरांना स्टुलावर बसवलं, दिवा जवळ ओढला, आणि बराच वेळ मागे उभ्या राहून पाठ बघितली. कुणीतरी आपल्या मागे इतका वेळ उभं राहण्याची मास्तरांना सवय नव्हती.

"काका, हृदयाचं काही झालंय का? तार घालून वगैरे?"

"झालंय की. पण त्याचा पाठीशी काय संबंध?"

"एकदाच?"

"दोनदा. दुसऱ्यांदा फार वेळ लागला."

बाई समोर येऊन बसल्या. "डॉक्टरांना तार कुठे चालली आहे ते दिसावं म्हणून सतत क्ष-किरण सोडावे लागतात. यंत्राचं किरण सोडणारं टोक टेबलाखाली असतं, म्हणून किरण पाठीतून आत शिरतात. तुमची रक्तवाहिनी अवघड होती, त्यामुळे एकाच जागेवर फार वेळ किरण पडले. तो चटका त्या वेळी कळत नाही. काही आठवड्यांनी कातडी लाल होते, मग बरी झाल्यासारखी वाटते. पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडत जातात. रक्तच पोचलं नाही तर जखम कशी भरणार? म्हणून कुठलंच मलम लागू पडलं नाही."

"पण तुम्हाला बघून कसं कळलं?"

"कडा सरळ आहेत. नायटा असा कोपरे धरून वाढत नाही. यंत्राची खिडकी चौकोनी असते, तिचा छाप उठलाय. फोटो काढते, बघता का?"

"नको," मास्तर म्हणाले. "तुम्ही बघितलंत, तेवढं पुरे."

मग त्यांनी विचारलं, चूक कुणाची. बाई म्हणाल्या, "तार घातली नसती तर तुम्ही आज इथे बसला नसतात. पण पाठीवर लक्ष ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं का?"

मास्तरांना नर्स आठवली. "सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

उपाय एकच होता. खराब झालेलं सगळं, जिवंत रक्त दिसेपर्यंत, कापून काढायचं आणि बगलेखालचं मांस-कातडं त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून तिथे बसवायचं. मास्तरांना हा प्रकार जास्तच वाटला. "एवढं कशाला? दोन्ही कडा ओढून चार टाके घाला की."

"विरलेल्या कापडावर टाका टिकतो का, काका?"

मास्तरांनी शर्टाची बटणं लावायला घेतली.

"ऑपरेशनचं मी बघते," बाई म्हणाल्या. "माझी काळजी नंतरची आहे. घरी गेल्यावर रोज कुणीतरी ती जागा बघायला हवी. कातडीचा रंग बदलला, कड काळी पडायला लागली, तर लगेच इथे यावं लागेल, नाहीतर बसवलेलं सगळं वाया जाईल. आणि ते तुम्हाला स्वतःला दिसणार नाही. घरी कोण असतं?"

"असतात ना. सगळे असतात."

"मग येत्या गुरुवारी त्यांच्यातल्या एकाला घेऊन या. पट्टी कशी करायची, काय बघायचं, ते शिकवते. माणूस आणल्याशिवाय मी तारीख देणार नाही हं. आणि उशीर करू नका. जखम खोल चालली आहे, खाली बरगडी आहे."

सगळे असतात, असं सांगून मास्तर घरी आले आणि मशीनसमोर बसून राहिले. घड्याळवाल्याच्या बंद दुकानाच्या शटरवर कुणीतरी जाहिरात चिकटवली होती, तीच वाचत बसले. दुपारी एक जुनं गिऱ्हाईक मापाला आलं. निवृत्त माणूस, बोलघेवडा, मोकळाच असायचा. मास्तरांनी टेप त्याच्या पाठीवर धरली, घसा खाकरला, मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि म्हणाले, "कॉलर कशी ठेवू?"

बुधवारी दुपारी त्यांनी दुकान बंद केलं आणि मुलीच्या गावची बस धरली. सीटच्या कडेला पुढे वाकून बसावं लागत होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "पुढच्याच स्टॉपला उतरायचंय का?" मास्तर "हो" म्हणाले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत तसेच बसून राहिले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं. जवळच काम होतं, आलोच आहे तर म्हटलं भेटून जावं. इथपर्यंत बरं जुळत होतं, पुढे धागा तुटायचा.

दार बायकोने उघडलं. त्या दारात उभ्या राहिल्या, त्यांच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत, आणि म्हणाल्या, "कोण?"

मास्तरांना ते झोंबलं. इतक्या दिवसांनी आलो तर हा टोमणा. पण टोमणा मारण्याचा बायकोला हक्क होता हेही त्यांना कळत होतं. "मी," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही? आत या, आत या."

घरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. जावई फिरतीवर, मुलगी कामावर, नात शाळेत. बाईंनी पाणी आणलं, चहा ठेवला. मास्तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, पाठ भिंतीपासून लांब धरून. जवळच काम होतं, हे त्यांनी सांगून टाकलं. बाई "हो का" म्हणाल्या. चहाला आधण आलं, भांड्याच्या कडेने फेस वर चढला. आता पुढचं बोलायला हवं होतं. मास्तर कपाटाच्या कडीकडे बघत राहिले.

"माझ्या पाठीकडे बघायला कुणी नाही," ते एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

मग मात्र थांबणं जमेना. छातीतली कळ, घड्याळवाला, ते टेबल, उसवलेले शर्ट, पट्टीला गुंडाळलेली चिंधी, डॉक्टरीणबाईंना मारलेली थाप, सगळं एका दमात बाहेर आलं. चहा उतू गेला तो तसाच राहिला. बाईंनी चाचपत गॅस बंद केला. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"दाखवा," एवढंच म्हणाल्या.

मास्तरांनी बटणं काढली, शर्ट उतरवला, त्यांच्याकडे पाठ केली आणि खाली मान घालून उभे राहिले. मग पाठीला बोटं लागली, पण डावीकडे, चांगल्या कातडीवर. ती हळूहळू इकडे तिकडे सरकत होती, काहीतरी शोधत होती.

"कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

मास्तर वैतागले. "कुठे काय? तोंडासमोर तर आहे तुझ्या. एवढी मोठी जखम दिसत नाही?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "दिसत नाही."

मास्तर वळले. बायकोने मान किंचित तिरपी केली होती आणि ती त्यांच्या कानाकडे बघत होती.

"मधलं सगळं गेलंय. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं काहीतरी आहे. कडेचं दिसतं, दार दिसतं, माणूस उभा आहे ते कळतं. चेहरा नाही कळत. सुया घेतल्या डोळ्यात, पण जेवढं गेलं तेवढं गेलं."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. मीच पोरीला म्हटलं, त्यांना सांगू नको. तिकडे एकटे, उगाच काळजी करत बसतील."

मास्तर पुन्हा स्टुलावर बसले. शर्ट हातात तसाच. आपल्याला कुणी नाही, असं म्हणत ते इतके दिवस स्वतःची कीव करत होते, आणि इकडे ही बाई चाचपडत चहा करत होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. त्यांनी उठून ओट्यावर सांडलेला चहा पुसायला घेतला.

मुलगी आली तेव्हा बाप उघड्या अंगाने ओटा पुसत होता आणि आई मागे उभी होती. खांद्यावरची पर्स तशीच ठेवून ती बापाच्या पाठीकडे बघत राहिली. तिने तोंडावर हात धरला. मग सगळं ऐकून घेतलं आणि भडकली.

"काय माणसं आहात तुम्ही दोघं? ही म्हणते बाबांना सांगू नको, तुम्ही म्हणता कुणालाच सांगायचं नाही. मी काय परकी आहे का? उद्या रजा टाकते. डॉक्टरांकडे मी येणार, पट्टी मी शिकणार. आणि ऑपरेशन झालं की इथेच राहायचं. दुकान वगैरे काही ऐकायचं नाही मला."

मास्तरांनी मान हलवली. एरवी त्यांनी दुकानाचं काहीतरी कारण काढलं असतं. या वेळी काढलं नाही.

मुलीने डॉक्टरांना दाखवायला म्हणून फोनवर पाठीचा फोटो काढला. फोन ओट्यावर ठेवून ती बाहेरच्या खोलीत नवऱ्याशी बोलायला म्हणून घरच्या फोनकडे गेली. खरं तर ती रडायला गेली होती, ते दोघांनाही ऐकू येत होतं.

"कसं आहे हो?" बाईंनी विचारलं. "ही काही बोलली नाही. म्हणजे बरंच वाईट असणार."

"मलाही माहीत नाही. मी बघितलेलं नाही."

"मग बघा आणि सांगा मला."

मास्तरांनी फोन उचलला. आधी त्यांना वाटलं ही दुसऱ्याच कुणाची पाठ आहे. हाडं वर आलेली, म्हातारी, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. अशी पाठ दुकानात आली असती तर त्यांनी न बोलता उजवीकडे कापड जास्त सोडलं असतं. मग ती आपलीच आहे हे मनाला पटलं.

"तळहाताएवढं आहे," ते म्हणाले. "बाहेरची कातडी काळपट, चिवट, कडेने बारीक लाल शिरा. मध्ये खड्डा पडलाय. खड्ड्यात पिवळं आहे. एका कोपऱ्यात डॉक्टरांनी कापलेलं, ते तसंच उघडं."

"खोल आहे?"

"आहे. बोटाचं पेर जाईल."

बाई ऐकत होत्या, तोंड त्यांच्याकडे आणि नजर बाजूला. त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी तो धरला आणि पाठीवर, जखमेच्या जरा वर, जिथे कातडी चांगली होती तिथे नेऊन ठेवला.

"इथून खाली," ते म्हणाले.

बाईंचा हात तिथेच थांबला. खाली गेला नाही, उचललाही नाही.

"दुखतं?"

मास्तरांनी सवयीने नाही म्हणायला तोंड उघडलं.

"हो," ते म्हणाले. "फार दुखतं गं."